रणगाड्यांच्या गावात ऑल्टो

देशभरातली पोरं रणगाडा चालवायला शिकायला आमच्या नगरात येतात. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, जिभेला जरा वेळ लागतोय.) आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा 1948पासून इथे आहे, रणगाड्यांचं संग्रहालय 1994पासून. चाळीस-चाळीस टनांची धुडं वळवायची विद्या ज्या गावच्या पाण्यात आहे, तिथे पन्नाशीतल्या बाईला पाऊण टनाची ऑल्टो जमायला काय हरकत होती? हरकत एकच. रणगाड्याला कोणी कट मारत नाही.

तोवर माझी सगळी मजल लुनापर्यंत. तीही इथलीच, कायनेटिकच्या नगरच्या कारखान्यातली. 1972 साली बाजारात आलेल्या त्या गाडीने बायकांना गिअर, क्लच असले प्रश्न कधी विचारले नाहीत. पेट्रोल संपलं की पॅडल मारायचं. गाडी बंद पडली म्हणून मागचा रिक्षावाला आपल्या खानदानाची चौकशी करायचा नाही.

लर्निंग लायसन्सची परीक्षा सोपी निघाली. 60 टक्के मिळाले की झालं. सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोणी जायचं, तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हे मी पाठ केलं होतं. दिल्लीगेटला नियम वेगळा आहे. ज्याने दुसऱ्याकडे बघितलं तो थांबतो. ज्याने बघितलंच नाही तो जातो. हा पर्याय उत्तरांत नव्हता.

कायद्याने ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स किमान 21 दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तास. म्हणजे रोज वाट्याला जेमतेम अर्धा तास. त्यातही आधीच्या शिकाऊला घरी सोडायचं आणि पुढच्याला त्याच्या दारातून उचलायचं, त्यामुळे आज चढ शिकायचा की वळण, हे कोण कुठे राहतं त्यावर ठरायचं. भिस्तबागकडची एक कॉलेजकन्यका माझ्यानंतर असायची. ती मागे बसून माझा अर्धा क्लास बघायची आणि बारीक आवाजात ‘अगं आई’ म्हणायची.

सर माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना ‘सर’ म्हणायचे, ते मला ‘काकू’.

“काकू, क्लच सोडा. हळू. हळू म्हनलं मी, फेकला का?”

“सर, सोडला की.”

“सोडायचा म्हंजे माहेरी नाय सोडायचा. अर्ध्यावर धरायचा.”

या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. त्यामुळे गाडी आपण चालवतोय असं आपल्याला वाटतं, गाडीला तसं वाटत नाही. सर फोनवर कुणाशी तरी कांद्याच्या भावावरून भांडत असायचे आणि आडव्या आलेल्या म्हशीपुढे गाडी अलगद थांबायची. मी मनात स्वतःची पाठ थोपटायचे. मग शंका यायची : थांबवली कोणी? घरी ‘आज तिसऱ्या गिअरवर नेली’ असं सांगतानाही ‘आम्ही’ असंच तोंडात यायचं.

शेवटी मी सरांना विचारलंच. ते काही बोलले नाहीत. चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

“घ्या. आता तुमचं तुम्ही.”

मनमाड रस्ता, ऊस तोडणीचा हंगाम, आणि पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या. या डबल ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, पण टेप इतका मोठा होता की अंधारातही नुसत्या गाण्यावरून अंतर कळलं असतं. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता. एक मोटारसायकलवाला चालता चालता त्यातलं कांडं उपसत होता. ते निघेना. ट्रॅक्टरवाल्याने मागे पाहिलं आणि कांडं वाचवायला भर रस्त्यात ट्रॅक्टर उभा केला.

आधी ब्रेक, मग क्लच. मग न्यूट्रल. ट्रॉलीच्या मागे बऱ्यापैकी जागा सोडून ऑल्टो उभी राहिली आणि इंजिन सुरूच होतं. सरांची मांडी मोडली नव्हती. हात मात्र हँडब्रेकवर होता, तो त्यांनी हळूच काढून केसांतून फिरवला.

“जमलं की काकू!” सर म्हणाले.

“सर,” मागून आवाज आला, “काकूंचा इंडिकेटर प्रोफेसर कॉलनीपासून चालू आहे.”