टोळी आली, आनंद झाला

दिवाळीच्या सुमारास कोऱ्हाळे बुद्रुकात ज्याला त्याला एकच चौकशी असते : "टोळी आली का?" कुणी सांगतो, आली, दहा कोयते आहेत, मुकादम बीडचा, उचल मागेच दिलीय. शहरातून नुकताच बदलून आलेला फौजदार जवळ उभा असेल, तर त्याचे कान टवकारणारच. इथं टोळी ऊसतोडीची असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि सोमेश्वर साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली तरी टोळी आली नाही, तर गावाला घोर लागतो, हे त्याला कोण सांगणार?

पण दोष त्याचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुमक्याचं एक घराणं आहे. वडील मुंबई पोलिसांत हवालदार, मुलगा दाऊद. त्याच्या 'डी कंपनी'नं सोनं किती आणलं याचा हिशेब कस्टमवाले ठेवोत; तिनं आणि तिच्या वैऱ्यांनी आपले शब्द किती पळवले, याची फिर्याद मात्र कुणी नोंदवली नाही. आणि चोरी सगळी घरातलीच. तिकडे भाई नि आपा, भायखळ्याच्या दगडी चाळीत डॅडी नि मम्मी. पुझोसाहेबांनी 1969 साली अमेरिकेत कादंबरीत उभा केला तोही गॉडफादर, म्हणजे धर्मपिताच. खंडणी मागायला निघालेला माणूस आधी नातं जोडतो.

मला हळहळ वाटते ती सुपारीची. गुढीपाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पंच जातात आणि जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतात. लग्न ठरलं की सुपारी फुटते. इतका मानाचा जिन्नस! मग 'सत्या' सिनेमा आला, पाठोपाठ 1999 मध्ये 'वास्तव' आला, आणि सुपारी दिली म्हटलं की लोक "तारीख कोणती?" विचारायचं सोडून "कुणाची?" विचारू लागले. यात्रा कमिटीतला शहाणा माणूस हल्ली 'तमाशाची' हा शब्द जरा मोठ्यानं उच्चारतो.

गावानं तरी हे शब्द टाकले कुठं? वापरून मळलेले तेच परत घरात घेतले. बागायतदार पाच पेट्या म्हणाला, तर द्राक्षाच्या की लाखाच्या, हे त्याच्या आवाजावरून ओळखायचं. कोटीचे खोके तर 2022 च्या पावसाळी अधिवेशनात घोषणेतून थेट विधानभवनाच्या पायऱ्यांवर पोचले. आणि नीरा-बारामती रस्त्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स! काळा गॉगल, कानाला मोबाइल, खाली 'भाईंना शुभेच्छा' देणाऱ्यांची पलटण. भाईंचं वय एकोणीस. गाडीत पेट्रोल टाकायला शंभराची नोट अजून आईच्या डब्यातूनच निघते.

अशाच एका भाईला त्याच्या दोस्तानं घरी नेलं आणि ओसरीवरच्या आजीला ऐटीत सांगितलं, "आज्जे, हा आपला डॉन." आजीला ऐकू जरा कमी येतं. तिनं पोराकडं पाहिलं, त्याच्या मागं पाहिलं आणि विचारलं, "दोन? मग दुसरा कुठाय? चहा किती टाकू?"