जिल्हा चुकला, एक गुण गेला

मेंदूची झटपट तपासणी करणाऱ्या प्रश्नपत्रिकेत एक गुण जिल्ह्याच्या नावाला असतो. आता धाराशिवचा माणूस सवयीनं ‘उस्मानाबाद’ म्हणाला, तर गुण कशाबद्दल कापायचा? विसरला म्हणून, की राजपत्र वाचत नाही म्हणून? जव्हारची म्हातारी आजही ‘जिल्हा ठाणे’ म्हणत असेल. पालघर वेगळा झाला २०१४ साली. तिची स्मरणशक्ती जरा जास्तच शाबूत आहे, एवढाच काय तो तिचा दोष.

पुढचा प्रश्न तारखेचा. ‘आजी, आज तारीख काय?’ ‘तारीख कुठली बाबा, आज वद्य चतुर्थी. संकष्टीचा उपास आहे माझा.’ चंद्रोदय किती वाजता, तेही आजी सांगून टाकतात. गुण शून्य. विचारणाऱ्या डॉक्टरांना मात्र तिथी माहीत नसते आणि त्यांचे गुण कुणी कापत नाही.

मूळ प्रश्नपत्रिका अमेरिकेतली, १९७५ सालची. एमएमएसई. फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी मनोविकारांच्या रुग्णांवरच बेतलेली. गुण ३०, वेळ दहाएक मिनिटं. शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर ‘डोळे मिटा’ लिहिलंय ते वाचून डोळे मिटा, मनानं एक वाक्य लिहा. २४ च्या खाली घसरलात की शंका सुरू. जो शाळेतच गेला नाही, त्याचा मेंदू तपासायच्या आधीच निकाल लागलेला.

यावर आपली सोपी रीत म्हणजे भाषांतर. एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं त्याचं परत इंग्रजी करायचं, दोन्ही जुळलं की शिक्का. मराठी अगदी चोख. उत्तीर्ण व्हायची रेषा मात्र परदेशातून आली तशीच.

हे नीट करता येतं, आणि करूनही झालंय. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार झाली, १९९५ मध्ये ती प्रसिद्धही झाली. तिथं सातची वजाबाकी गेली, आठवड्याचे वार उलटे म्हणायला आले. वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा’. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एखादं वाक्य बोलायचं. यासाठी शब्दकोश पुरत नाही, गावात जाऊन बसावं लागतं. म्हणून तर भाषांतर बरं वाटतं.

त्याहून उदार ‘मोका’ ही अशीच चाचणी, कॅनडातली, २००५ ची. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल, तर सरसकट एक गुण बहाल. बारावी झालेला आणि पाटीला हात न लावलेली, दोघांना सारखाच प्रसाद! पुढे निरक्षरांसाठी वेगळी मोका काढावी लागली, यात नवल ते काय.

मनोविकाराच्या रुग्णांसाठी तर ‘स्किप’ नावाची खास चाचणी आहे. एका अक्षरावरून भराभर शब्द सांगा. घ्या ‘क’. केळं चालेल? किल्ली? क्षमा म्हटलं तर? हे आधी ठरवून न ठेवणाऱ्या परीक्षकानं रुग्णाचा गोंधळ मोजायला बसू नये. शिवाय मोर्ससारख्या टिंबरेघा झपाझप भरायच्या. कॉलेजातून उठून थेट वॉर्डात आलेल्या मुलाला ते जमेल. ज्यानं पेन्सिल शेवटची चौथीत धरली, त्याचा हातच अडखळतो, आणि नोंद होते ती मंद मेंदूची.

त्यात स्किझोफ्रेनियाच्या काही औषधांनी हात कापतात, अंग ताठरतं. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, आणि ही गोळी स्वतःच स्मृती बोथट करू शकते. मोकाच्या कागदावर नाव, शिक्षण, जन्मतारीख यांना रकाने आहेत. सकाळी कुठली गोळी घेतली, याला नाही.