बोट थांबली पाहिजे

शनिवार उजाडला की कोलाडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, सुतारवाडीजवळ राफ्ट कुंडलिकेत उतरतात, दोन तास धमाल होते, जेवणं होतात आणि गाड्या माघारी वळतात. यातलीच कितीतरी कुटुंबं सुट्टीत सिंगापूरची नाहीतर अंदमानची सफर करतात आणि तिथल्या बेटांचा इतिहास मन लावून ऐकतात. जरूर ऐकावा. पण ज्या नदीत तुम्ही वल्ही मारलीत, ती रोह्यावरून पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेला खांदेरी-उंदेरी आहेत, दक्षिणेला जंजिरा आणि पद्मदुर्ग. एवढं वैभव दाराशी असून ते पाण्यावरून सलग दाखवणारी एक धड फेरी आपल्याला चालवता येत नाही. याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

प्रयत्न झाला होता. 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव जहाजाला मिळालं म्हणून आपण सगळेच सुखावलो. पण ती संध्याकाळच्या सुमारास मुंबई सोडायची आणि सकाळी गोव्याला लागायची. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, हे खुद्द आंग्र्यांच्या आरमाराचे किल्ले, प्रवासी गाढ झोपेत असताना मागे पडायचे. पुढे ती सेवाही बंद पडली. त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे. इतिहास दाखवायचा असेल तर बोट थांबली पाहिजे, आणि दिवसाउजेडी थांबली पाहिजे.

थांबायचं तर धक्का हवा. जंजिऱ्याच्या दरवाजापाशी शिडाच्या होडीतून उतरणं म्हणजे काय, हे एकदा पाहा. लाट होडीला वर उचलते, खाली आपटते. एक खलाशी दोर ताणून धरतो, दुसरा हात देतो, आणि नातवाचा खांदा धरून आलेली आजी जीव मुठीत घेऊन ओल्या पायरीवर पाऊल टाकते. दरवाजावर पंजात हत्ती पकडलेला शरभ कोरलाय, पण वर मान करून बघायची उसंत तिला कुठली? वर्षानुवर्षं माणसं अशीच उतरत आली आहेत. खलाशांच्या कौशल्याला माझा नमस्कार. मात्र त्यांच्या कौशल्यावर विसंबून आपण पायऱ्या आणि कठडे करायचे टाळले, हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

मॉरिशसकडे पाहा. पोर्ट लुईच्या बंदरात ‘आप्रवासी घाट’ आहे. करारावर आणलेले मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून बेटावर आले, त्या तिथे जिवापाड जपल्या आहेत. 2006 मध्ये त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे उतरलेल्या मजुरांमध्ये आपल्या कोकणातली माणसंही होती. त्या देशाने सोळा पायऱ्यांचं मोल ओळखलं. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. अभिनंदनाचे फलक सगळीकडे लागले. आता तिथे सुखरूप पोचायची सोय करा.

मोठ्या जहाजाची वाट बघत बसायचं काहीच कारण नाही. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या त्यांना चुकवून उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या आणि किल्ला उभा राहिला. हा किनारा लहान बोटींचा आहे. पाऊस सरल्यावर, भरती-ओहोटी सांभाळून चालणारी तीस-चाळीस माणसांची बोट इथे पुरेशी आहे.

आणि सफर सुरू व्हावी आमच्या कोलाडहून. पहिल्या दिवशी तळ्याच्या वाटेने कुड्याची लेणी पाहावीत. राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली ही लेणी. दान देणाऱ्यांची नावं दगडात आहेत आणि त्यांत माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. घाटावरचा व्यापारी खाडीकाठी दान देतो, एवढी या पाण्याची ओढ होती. तिथून राजपुरी, जंजिरा, पद्मदुर्ग. दुसऱ्या दिवशी कोर्लई. पोर्तुगीज सत्ता 1740 मध्ये इथून गेली, पण पोर्तुगीजातून घडलेली बोली कोर्लई गावात आजही बोलली जाते. पलीकडे रेवदंडा आणि चौल. वास्को द गामाच्या आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला होता. तिसऱ्या दिवशी खांदेरी.

सांगणारी माणसंही इथलीच हवीत. मच्छीमार गावांतल्या तांडेलांना वारा, खडक आणि उधाण कळतं. त्यांच्या मुला-मुलींना इतिहासाचं नीट शिक्षण द्या, परवाना द्या, बरा पगार द्या. सांगायचं ते सगळं सांगा. जंजिरा अखेरपर्यंत सिद्दींकडेच राहिला, हेही सांगा. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली, हे सांगा आणि मगच प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट घालायला लावा. कुंडलिकेत राफ्ट ढकलणारं पाणी मुळशी धरणाचं आहे आणि त्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला होता, हेही पाण्यात उतरण्याआधी कळू द्या.

कोलाडला रोरोची सोय आहे. भरलेले ट्रक इथे आगगाडीवर चढतात आणि कोकण रेल्वेवरून दक्षिणेला जातात. 1999 पासून हे चाललंय. ट्रकसाठी रस्ता आणि रेल्वे यांची सांगड घालता आली, तर माणसांसाठी रस्ता आणि समुद्र यांची का घालता येऊ नये? पर्यटन खातं, बंदर खातं आणि पुरातत्त्व खातं यांनी एका टेबलाशी बसावं आणि तीन गोष्टी ठरवाव्यात: धक्के कुठे, बोट कधी, जबाबदार कोण. यंदाच्या पावसाळ्यात दर्या बंद असेल. बैठकीला तेवढे महिने पुष्कळ झाले.