केळ्यांच्या गावी सुकेळी

वसईचा माणूस परदेशी निघाला की घरचे लोक सुकेळी देणारच. मी टांझानियात मिशनकार्याला निघालो तेव्हा मावशीने राजेळी केळ्यांची घसघशीत दोन किलो सुकेळी बॅगेत कोंबली. वर म्हणाली, "तिकडे काय मिळणार तुला खायला? प्रवचन द्यायला अंगात त्राण नको?" मी चाललो होतो बुकोबाला. तिथल्या हाया लोकांच्या जेवणात केळी, पेल्यात केळ्यांची दारू आणि घराभोवती केळीची बाग. पण हे मावशीला सांगून उपयोग नव्हता. तिच्या मते केळी होतात ती वसईत. इतरत्र उगवते ते गवत.

म्वांझाहून बुकोबाला व्हिक्टोरिया सरोवरातून रात्रीची बोट जाते. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कमळे येतात, फार तर पायाने मारायची बोट. हे सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे. सबंध कोकण विभाग त्यात दोनदा बुडवला तरी थोडे पाणी शिल्लक राहील. "रात्री छान झोप लागते," असे मला आधीच्या फादरांनी कळवले होते. त्यांनी पहिल्या वर्गाचे तिकीट काढले असणार. मी तिसऱ्या वर्गात साखरेच्या पोत्याला टेकलो, आणि कुणाची तरी कोंबडी माझ्या बुटाला टेकली.

शेजारच्या हाया आजोबांनी माझी कॉलर पाहिली आणि "तुमसिफु येसु क्रिस्तु" म्हणजे "येशू ख्रिस्ताची स्तुती असो" म्हणून हात पुढे केला. हातात केळीच्या सोपटाची पुडी आणि पुडीत उकडून वाळवलेल्या कॉफीच्या बिया. पाहुण्याला विडा द्यावा तशा या बिया तिकडे चघळायला देतात. नाही म्हणणे असभ्यपणाचे, म्हणून चघळल्या. चव कडवट, परिणाम जालीम. आजोबाही चघळत होते, पण त्यांना आयुष्यभराची सवय. माझे डोळे मिटायलाच तयार नाहीत, हे पाहून त्यांना चेव आला.

"आमच्या भागातले लॉरियन रुगाम्ब्वा," ते म्हणाले. "१९६० साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना कार्डिनल केलं. आधुनिक काळातले पहिले आफ्रिकन कार्डिनल! तुमच्याकडे आहे कुणी?"

"मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस. भारतातले पहिले. १९५३ साली."

आजोबांनी बोटांवर हिशेब केला. सात वर्षांचा फरक त्यांना झोंबला. थोडा वेळ बिया चघळून म्हणाले, "तुमच्याकडे रोमची टपाल लवकर पोचत असेल."

बोट कधी लागेल, असे विचारले तर म्हणाले, "बाराला." म्हणजे उद्या दुपारपर्यंत साखर आणि कोंबडी! पण उजाडता उजाडता धक्का दिसला. स्वाहिली घड्याळात दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सात वाजले की तिकडे एक वाजतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य बारा महिने सुमारे एकाच वेळी उगवतो, तेव्हा हिशेबात खोट काही नाही. फक्त ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

खरी परीक्षा चर्चच्या खेड्यांतल्या उपकेंद्रांच्या वाटेवर. पावसाळ्यात तांबडी माती लोण्यासारखी मऊ होते आणि मोटारसायकल, तिकडची पिकीपिकी, तिच्यावरून देवाच्या भरवशावर चालते. पुढे कॅटेकिस्ट म्हणजे तिथले धर्मशिक्षक, मागे मी, माझ्या मांडीवर मिस्साच्या सामानाची पेटी. एका उतारावर पिकीपिकीसकट तिघेही आडवे झालो. क्षणात केळीच्या बागांतून "पोले, फादर, पोले" म्हणजे "अरेरे, फादर, अरेरे" करत माणसे आली. त्यांनी आधी पेटी उचलली, मग पिकीपिकी, मग मला. प्राधान्यक्रम मला पटला.

माझा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. एका बाईंनी घमेल्यात गरम पाणी आणून दिले, दुसऱ्या कुणी मुलाच्या निळ्या रबरी चपला दिल्या. त्यांतून माझ्या टाचा बाहेर डोकावत होत्या. मग दुधाचा गोड चहा आणि तळलेला गरम मांदाझी. त्या चहाच्या तोडीला मी कुठल्याही पंचतारांकित हॉटेलचा चहा धरणार नाही. निळ्या चपलांवर मिस्सा झाली. अर्पणात केळ्यांचा घड, अंडी आणि एक तांबडी कोंबडी आली. मिस्सानंतर कोंबडीचा लिलाव झाला, पैसे चर्चच्या पेटीत पडले, आणि घेणाऱ्याने ती कोंबडी मलाच भेट दिली. परतताना मांडीवर पेटी आणि पेटीवर कोंबडी. ती चिखलाकडे माझ्यापेक्षा शांतपणे पाहत होती.

मुक्कामी पोचलो तर जेवण तयार. स्वयंपाकीणबाईंना माझ्या बॅगेतली सुकेळी सापडली होती. केळ्यांची ही दशा पाहून त्यांना गहिवरून आले असावे. त्यांनी ती भिजवली, घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजवली, मीठ घातले आणि विचारले, "फादर, तुमच्याकडे दुष्काळ असतो का?" जोडीला पंख-पाय काढून कुरकुरीत तळलेल्या नाकतोड्यांची, सेनेनेंची, बशी होती. पावसाबरोबर येणारा हा बुकोबाचा मेवा. सुकेळ्यांच्या त्या आमटीपुढे नाकतोडे फारच चविष्ट लागले. मावशीला पत्रात एवढेच कळवले की सुकेळी संपली.

तिकडे सेवेला जाऊ इच्छिणाऱ्यांनी मच्छरदाणी आणि रबरी चपला जरूर न्याव्यात. चपला मात्र आपल्या मापाच्या. कॉफीच्या बिया दिवसा चघळाव्यात. वेळ विचारली तर घड्याळ कुणाचे तेही विचारून घ्यावे. आणि बायबल वाचण्यापुरती स्वाहिली नंतर आली तरी चालेल, "असांते साना" म्हणजे "फार आभारी आहे" एवढे मात्र जातानाच पाठ करून जावे. पहिल्याच पावसात लागते.