नोकरीतील समाधान : मोजमाप व पद्धती

नोकरी करणाऱ्याला आपल्या कामाबद्दल एकंदरीत जे बरे वाटते, त्याला नोकरीतील समाधान म्हणतात. व्याख्या सोपी आहे. अडचण एवढीच की, ते वाटते की नाही हे खुद्द नोकरदाराला विचारून कळत नाही. ‘काय, ऑफिस कसं काय?’ या प्रश्नाला ‘चाललंय’ हे उत्तर कालच बढती मिळालेला देतो आणि खिशात निलंबनाचा आदेश असलेलाही देतो.

तरीही विचारून पाहण्याची चिकाटी शास्त्राने सोडलेली नाही. रॉबर्ट हॉपॉक या अमेरिकी अभ्यासकाने पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप नावाच्या गावातल्या कमावत्या लोकांना प्रश्न विचारले आणि १९३५ साली या विषयावर पुस्तक काढले. बहुतेक लोक आपल्या कामावर खूश निघाले. महामंदीचा काळ होता; नोकरी टिकून असलेला माणूस त्या दिवसांत खूश नसता तरच नवल. पुढे १९५५ मध्ये थिओडोर क्युनिन याने शब्दांना फाटा देऊन हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची एक पट्टीच तयार केली. आपला वाटेल त्या चेहऱ्यावर खूण करायची. साहेब केबिनमध्ये आहेत की टूरवर, हे न विचारता ही पट्टी हातात देण्यात अर्थ नाही. मिनेसोटाच्या प्रश्नावलीत (१९६७) प्रश्न १००, तिच्या छोट्या आवृत्तीत २०. १९६९ मध्ये आणखी एका मापनाने समाधानाचे पाच भाग पाडले : काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सहकारी. मुंबईपुरते बोलायचे तर ८.१२ च्या लोकलमधली चौथी सीट यात धरलेली नाही, ही मोठीच उणीव.

आजच्या कंपन्यांत हेच काम एचआर विभाग वर्षातून एकदा मेल पाठवून करतो. ‘आपले नाव पूर्णपणे गुप्त राहील’ असे वर लिहिलेले असते आणि लिंक उघडायला एम्प्लॉयी नंबर टाकावा लागतो. सुज्ञ कर्मचारी सगळ्या प्रश्नांना पाचपैकी चार गुण देऊन मोकळा होतो. पाच दिले, तर याला पगारवाढीची गरज नाही असा समज होतो. तीन दिले, तर ‘काही प्रॉब्लेम आहे का?’ म्हणून आत बोलावणे येते.

या क्षेत्रात खरी उलथापालथ केली ती फ्रेडरिक हर्झबर्ग याने. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, समाधान आणि असमाधान ही एका मापाची दोन टोके नव्हेतच. पगार, नियम, साहेब, बसायची जागा यांत खोट असली की माणूस वैतागतो. पण ती दुरुस्त झाली म्हणून तो सुखावत नाही, फक्त वैतागायचा थांबतो. सुख येते ते हातून काही चांगले घडण्यातून, त्याची कोणी दखल घेण्यातून, जबाबदारीतून. या सिद्धांताची तपासणी कोणत्याही कार्यालयात मे महिन्यात करता येते. पंखा बंद पडला की सबंध सेक्शन दिवसभर काम सोडून पंख्यावर बोलतो. चालू पंख्याखाली बसून ‘वा, काय फिरतोय!’ असे कोणी म्हटल्याची नोंद नाही. हर्झबर्गच्या निष्कर्षांवर आक्षेपही बरेच घेतले गेले. चांगले झाले ते आपल्यामुळे आणि बिघडले ते कंपनीमुळे असे सांगण्याची माणसाला खोडच असते, हा त्यातला मुख्य. तो कोणत्याही अप्रेझलला बसलेल्या माणसाला पटावा.

पगाराच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. जे. स्टेसी अॅडम्स याने १९६३ मध्ये दाखवून दिले की, माणूस आपला मोबदला एकटा पाहत नाही, शेजाऱ्याच्या मोबदल्याशेजारी ठेवून पाहतो. राज्य कर्मचारी केंद्राच्या महागाई भत्त्याकडे पाहतो, बँकवाला एलआयसीकडे. महाराष्ट्रात या तुलनेचे प्रमाणित एकक साडू हे आहे. साडू बंगळुरात आयटीत असल्यास समाधान निम्म्यावर येते. त्याचा नोटीस पिरियड चालू असल्याचे कळले की तीच नोकरी, त्याच पगारात, एकाएकी बरी वाटू लागते.

सरळ विचारून भागत नाही म्हटल्यावर खुणांवर यावे लागते. शिल्लक रजा ही पहिली खूण, पण फसवी. निवृत्तीपर्यंत ३०० दिवसांची अर्जित रजा साठवणाऱ्याला काम आवडते की घरी करमत नाही, ते सेवापुस्तकावरून कळत नाही. टेबलावरची काच त्यापेक्षा भरवशाची. तिच्याखाली आधी शाखांचे फोन नंबर येतात, मग गजानन महाराज, मग मुलीचा शाळेतला फोटो, मग जुन्या दरांचे एक परिपत्रक, जे रद्द झाले तरी काढले जात नाही. खुर्चीवर घरून आणलेली उशी आली की त्या माणसाची चिंता सोडावी.

सर्वांत उपयोगी खूण मात्र तक्रार हीच आहे, आणि ती लोक नेमकी उलटी वाचतात. दीड वाजता टेबलावर पेपर पसरून डबे उघडतात. ‘आमच्या सेक्शनलाच सगळं टाकतात, दुसऱ्या कुणाला जमतंय कुठे!’ असे भेंडीची भाजी पुढे सरकवत जो म्हणतो, तो असमाधानी नाही. वाक्याचा उत्तरार्ध ऐकावा. बाहेरच्या कोणी त्याच खात्याला नावे ठेवली की तावातावाने बाजू घेणारा हाच असतो. ज्याची कसलीच तक्रार नाही, ‘सगळं छान आहे’ म्हणून जो दही खात बसतो, त्याने बायोडेटा चार ठिकाणी पाठवलेला असतो.

‘मुलाला या लाइनीत घालणार नाही’ हे विधान पुरावा म्हणून धरू नये. ते करणाऱ्या डॉक्टरांची मुले मेडिकललाच असतात.

राहता राहिले निवृत्तीनंतरचे मापन. शेवटची पाच वर्षे ‘सुटलो एकदाचा’ म्हणत काढलेला गृहस्थ पेन्शनच्या कागदांचे निमित्त करून जुन्या कार्यालयात येतो. कागद दहा मिनिटांत होतात. तो चहा होईपर्यंत थांबतो, नव्या पोराची नस्ती ओढून घेतो, ‘हे असं टाचायचं नसतं’ म्हणून पुन्हा टाचून देतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो. ही पद्धत सगळ्यांत विश्वासार्ह मानावी लागेल. फक्त राज्य सरकारी सेवेत तिचा निकाल ५८ व्या वर्षानंतर हाती येत असल्याने, नोकरी बदलावी की नाही हे ठरवायला तिचा उपयोग होत नाही.