खार, वारा आणि करंट बिल

चेन्नईच्या सावकारपेठेत सोने गाळणारी बरीच घरे सांगली जिल्ह्यातली आहेत. विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी टापू. तिथे पाऊस पडेना म्हणून माणसे मूस आणि चिमटा घेऊन देशभर पांगली आणि जुने दागिने वितळवून शुद्ध सोने काढू लागली. अशाच घरांतून थोडाथोडा ऐवज उचलून या सदराने आपले एक अण्णा घडवले आहेत. अण्णा ही हाक विट्यात चालते आणि चेन्नईत तर ती एका मुख्यमंत्र्यालाच चिकटली होती, त्यामुळे नावाची अडचण नाही.

2023 च्या जूनमध्ये अण्णांच्या जिन्याखाली ईबीचा माणूस आला. वीज मंडळाच्या पाट्या कितीही बदलोत, चेन्नईचे लोक त्याला ईबीच म्हणतात आणि विजेला करंट. त्याने टॉर्च मारून मीटर वाचले, खोक्याच्या तारेला अडकवलेल्या पांढऱ्या कार्डावर आकडा लिहिला आणि तो वरच्या मजल्याकडे वळला. दोन महिन्यांचे युनिट 501. बिल 1,958 रुपये.

अण्णांनी सहज म्हणून 500 युनिटांचा हिशेब करून पाहिला. तो आला 1,725. म्हणजे शेवटचे एक युनिट 233 रुपयांना पडले होते.

यात चूक कुणाचीच नव्हती. सप्टेंबर 2022 च्या दरपत्रकात पहिले 100 युनिट फुकट, पुढचे 100 सव्वादोन रुपयांनी, मग 400 पर्यंत साडेचार रुपये आणि 500 पर्यंत सहा. मात्र 500 चा उंबरा ओलांडला की दुसऱ्या शंभरातली सवलत मागे घेतली जाते, तिथेही साडेचारचा दर लागतो. म्हणजे 225 रुपये तिथे गेले आणि 501 वे युनिट स्वतः आठ रुपयांचे. लग्नात शेवटच्या पंगतीला एक पाहुणा जास्त आला म्हणून यजमानाने दुसऱ्या पंगतीच्या जिलबीचेही पैसे भरावेत, तसा हा हिशेब. आणि हा सुधारलेला हिशेब आहे बरे. त्याआधीच्या दरपत्रकात हाच उंबरा साडेसहाशे रुपयांच्या वर होता.

सोने गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात घट आली की ती कुठे गेली हे शोधल्याशिवाय दुकान बंद होत नाही. फरशी झाडतात, झाडलेली धूळ जपून ठेवतात, कारागिराच्या बनियनपर्यंत तपास पोचतो. त्याच शिस्तीत घरात 501 व्या युनिटाचा तपास सुरू झाला. नातवाचा एसी, सुनेचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, काकूंचा देवघरातला रात्रभर चालणारा लाल दिवा, सगळ्यांच्या जबान्या झाल्या. शेवटी पुतण्याने मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखवला, की सरकारच्या हरित ऊर्जेच्या हौसेपायी सामान्य माणसाची वीज महागली आहे. घरातले सगळे आरोपी एकदम निर्दोष सुटले. गुन्हेगार घराबाहेरचा निघाला की घराला किती बरे वाटते.

तमिळनाडूत असा बाहेरचा गुन्हेगार सापडण्याची परंपरा आहे. जून 2021 मध्ये राज्यात वीज वारंवार जाऊ लागली, तेव्हा तत्कालीन वीजमंत्री व्ही. सेंतिल बालाजी यांनी एक कारण असे दिले होते, की वाढलेल्या वेली तारांना टेकतात, त्यांवरून खारी धावतात आणि तारा एकमेकींना चिकटून शॉर्टसर्किट होते. चेन्नईतल्या बऱ्याचशा तारा जमिनीखालून जातात. मग इथल्या खारी भुयारातून धावतात की काय, असे पाट्टाळी मक्कळ कच्ची या पक्षाचे एस. रामदास यांनी विचारून घेतले. खारीने खुलासा केला नाही. दोन वर्षांत खारीच्या जागी वारा आला. त्यालाही वकील नाही आणि मतदार यादीत नाव नाही.

वाऱ्याची कुंडली पाहू. देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प 1986 साली किनाऱ्यांवर उभे राहिले: आपल्या रत्नागिरीत, गुजरातेत ओख्याला आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे. रत्नागिरीने पुढे आंब्यावर लक्ष ठेवले. तमिळनाडूने वारा धरला आणि आज त्याच्या पवनचक्क्यांची क्षमता 10,000 मेगावॉटच्या वर आहे. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुप्पंदलला गेलेल्याने ते रान पाहिले असेल. केळीच्या बागांपेक्षा पात्यांची दाटी जास्त. सह्याद्रीला जिथे जिथे खिंडी पडल्या आहेत तिथून मे ते सप्टेंबर वारा असा घुसतो, की आडी महिन्याच्या वाऱ्यात पाटा-वरवंटासुद्धा उडतो अशी तमिळ म्हण आहे. आडी म्हणजे साधारण आपला आषाढ-श्रावण.

आता हा वारा कुणाचा? पवनचक्क्यांचा मोठा वाटा उभारला तो कोइंबतूर-तिरुपूरच्या गिरण्यांनी. एकेकाळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा दाखवून कर वाचवता येई. गिरणीमालकांना पर्यावरणाची कळकळ अचानक का वाटू लागली, याचे ते एक उत्तर आहे. हंगामात तयार झालेली जादा वीज मंडळाच्या खात्यात जमा करायची आणि वारा पडल्यावर काढून घ्यायची, अशी सोय त्यांना मिळाली. तिला बँकिंगच म्हणतात. वारा असतो तेव्हा मंडळाला ठेव नको असते, आणि उन्हाळ्यात बाजारात वीज महाग असते नेमकी तेव्हा गिरणी पासबुक घेऊन दारात उभी. मंडळ यावर शुल्क लावते, गिरण्या कोर्टात जातात, आणि अधूनमधून भर वाऱ्यात पवनचक्क्या थांबवायला सांगितले जाते. या सगळ्या देवघेवीत सावकारपेठेतल्या पंख्याचा संबंध एवढाच, की तोही गोल फिरतो.

पण वाऱ्याला आणि उन्हाला सोवळे ठरवण्याचीही घाई नको. अण्णांच्या मुशीत टाकलेले सगळेच पिवळे सोने नसते, तसे हिरवे म्हटलेले सगळे स्वस्त नसते. 2012 मध्ये जयललितांनी सौर धोरण आणले, तीन वर्षांत 3,000 मेगावॉटचे. राज्यात तेव्हा भारनियमनाने कहर केला होता, मिळेल ती वीज हवी होती. 2014 मध्ये नियामक आयोगाने सौर विजेचा दर ठरवला युनिटला 7 रुपये 1 पैसा, आणि करार झाले 25 वर्षांचे. रामनाथपुरम जिल्ह्यात कमुतीला अदानींचा 648 मेगावॉटचा प्रकल्प 2016 मध्ये उभा राहिला, त्याचे करारही याच दराच्या काळातले. पुढच्याच वर्षी, मे 2017 मध्ये, राजस्थानात भडल्याच्या लिलावात सौर वीज 2 रुपये 44 पैशांवर आली. सात रुपयांना घेतलेले ऊन अडीच रुपयांच्या उन्हापेक्षा जास्त चमकत नाही. हा भुर्दंड खरा आहे आणि तो ग्राहकाच्याच माथी आहे. फक्त तो उन्हाचा नाही, पंचवीस वर्षांच्या लग्नाचा मुहूर्त बाजार उतरण्याच्या तोंडावर धरला त्याचा आहे.

महाग विजेला हिरवाच रंग लागतो असेही नाही. गुहागरच्या अंजनवेलला एन्‍रॉनने नाफ्थ्यावर जे दाखवले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. 2001 च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या वीज मंडळाने ती वीज घेणेच बंद केले. त्या धुरात हिरवे असे कंत्राटदारांच्या नोटांखेरीज काही नव्हते.

मग चेन्नईच्या बिलात आहे तरी काय? त्याची फोड करायची तर वाऱ्यापेक्षा दिनदर्शिका कामाला येते. 2006 मध्ये करुणानिधींच्या सरकारने घरोघर रंगीत टीव्ही फुकट दिले. 2011 मध्ये जयललितांच्या सरकारने मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा दिला. तेव्हा चेन्नईबाहेर दिवसाचे कित्येक तास वीज नसे, त्यामुळे कित्येक घरांत नवा ग्राइंडर झाकून ठेवलेला आणि शेजारी जुना दगडी रगडा राबत असलेला असे. 2016 मध्ये पहिले 100 युनिट फुकट झाले. शेतकऱ्यांच्या पंपांना 1990 च्या सुमारापासूनच बिल नाही. आधी यंत्र फुकट, मग त्याला चालवणारी वीज फुकट; आता फक्त मीटरकडे पाहायला माणूस फुकट द्यायचा राहिला. डिसेंबर 2014 नंतर सप्टेंबर 2022 पर्यंत, जवळजवळ आठ वर्षे, दर वाढवण्याचे धाडस कुणी केले नाही. मधे दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या, हा योगायोग.

न वाढवलेले दर कुठे जातात? कर्जात. ऑगस्ट 2021 मध्ये अर्थमंत्री पलानिवेल त्यागराजन यांनी श्वेतपत्रिका काढली तेव्हा पुरवलेल्या प्रत्येक युनिटामागे वीज कंपनीला 2 रुपये 36 पैशांचा तोटा होत होता. सेंतिल बालाजी यांनी जुलै 2022 मध्ये दरवाढीची तयारी करताना सांगितले, की दहा वर्षांत कंपनीचे कर्ज 43,493 कोटींवरून 1,59,823 कोटींवर गेले आणि नुसते व्याज वर्षाला 16,511 कोटी झाले. या वेळी खारीचा उल्लेख नव्हता.

सावकारपेठेत राहणाऱ्या माणसाला व्याज समजावून सांगावे लागत नाही. अण्णा एवढेच म्हणाले, की दागिना गहाण टाकून जेवणावळी घातल्या आणि आता मोड काढायला आमच्याकडे आलात.

2022 च्या आदेशातच पुढची सोयही करून ठेवली आहे. दरवर्षी 1 जुलैला दर महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढणार, फार तर सहा टक्के. जुलै 2024 मध्ये वाढ झाली 4.83 टक्के आणि 2025 मध्ये 3.16 टक्के. त्या त्या वर्षीच्या एप्रिलमधला देशाचा किरकोळ महागाईचा दर पाहा: 4.83 आणि 3.16. दोन दशांश स्थळांपर्यंत तेच. 2023 आणि 2025 ची घरगुती वाढ राज्य सरकारने आपल्या खिशातून भरली. सरकारचा खिसा कुठून भरतो, तो वेगळ्या सदराचा विषय. सांगायचे असे की कांदा, तूरडाळ आणि घरभाडे वाढले म्हणून वीज महागते. वीज महागली म्हणून घरभाडे वाढते. आणि मुप्पंदलचे पाते या वर्तुळाच्या बाहेर कुठेतरी आपले स्वतंत्र फिरत असते.

जर्मनीत निदान हे उघड होते. तिथे घरगुती बिलावर हरित अधिभाराची वेगळी ओळच छापत. 2017 मध्ये ती युनिटला 6.88 सेंटपर्यंत गेली होती, आणि वीज सर्वांत जास्त खाणाऱ्या मोठ्या कारखान्यांना तीत भरघोस सूट होती. जुलै 2022 मध्ये ती शून्यावर आणून पुढचा खर्च सरकारी निधीकडे वळवला. म्हणजे हरित धोरणाने घरगुती बिल वाढते का, याचे तिथले उत्तर ‘हो, इतके’ असे पैशांत देता येई. महाराष्ट्रातही मार्च 2021 मध्ये आयोगाने ठरवून दिले, की शंभर टक्के हरित वीज हौसेने मागणाऱ्याने युनिटला 66 पैसे जास्त द्यावेत. चेन्नईच्या बिलात अशी ओळ नाही. सगळे एकाच पातेल्यात. सांबारात शेवग्याची शेंग निदान दिसते.

कोळशाची ओळही नाही, हे आपले सोयीस्करपणे राहून जाते. 2022 च्या उन्हाळ्यात देशात कोळसा कमी पडला, तेव्हा केंद्राने राज्यांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितले, तोही जगभर भाव भडकलेले असताना. तो खर्च बिलात विरघळला. सावकारपेठेच्या उत्तरेला एन्नोरची खाडी आहे. तिच्या काठी औष्णिक केंद्रे, राखेचे तलाव आणि कोसस्तलैयार नदीत वर्षानुवर्षे गळलेली राख. तिथल्या कोळ्याचे जाळे राखाडी होऊन वर येते. त्याचा आकार ईबी लावत नाही. तो औषधाच्या दुकानात सुटा भरावा लागतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधानांची सूर्यघर योजना आली: एक कोटी घरे, 300 युनिटांपर्यंत मोफत वीज आणि तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान. पुतण्याने पुन्हा मोबाइल काढला. अट एकच, छप्पर आपले हवे. अण्णांचे घर भाड्याचे, आणि गच्चीवर चार भाडेकरूंच्या टाक्या, तीन डिश, मालकाच्या बहिणीचे पापड आणि कबुतरे. शिवाय ज्यांचे मीटर वेगळे नाही त्या भाडेकरूंकडून मालक सरसकट ठरावीक दराने युनिटचे पैसे घेतो, त्यामुळे सरकारचे फुकट शंभर युनिट कुणाच्या घरात उतरतात ते गच्चीवरच्या कबुतरांनाही ठाऊक आहे. ज्याच्याकडे बंगला आहे, ज्याचे बिल सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये धडकते, तो आधी पॅनेल लावतो आणि स्लॅबमधून खाली उतरतो. ईबीचे सर्वांत चांगले गिऱ्हाईक असे उन्हात निघून जाते. मागे राहिलेल्या खर्चाची वाटणी बिनगच्चीच्या लोकांत. हिरव्या धोरणाने बिल वाढते ही तक्रार खरी ठरायचीच असेल तर ती या वाटेने ठरेल, आणि तेव्हा मोबाइलवर येणारा निरोप बहुधा खारीबद्दल असेल.

तर 2023 चाच ऑगस्ट. आडीचा शेवटचा आठवडा. अण्णांच्या घरी दोन महिने आणीबाणी होती. एसी रात्री दोनला बंद, ग्राइंडर एक दिवसाआड, देवघरातल्या लाल दिव्याच्या जागी समई. काकूंनी तेलाचा खर्च वेगळा लिहून ठेवला होता, पण तो विचारायचा नाही असे ठरले होते. ईबीचा माणूस आला. टॉर्च मीटरवर पडली. सगळे कुटुंब जिन्यात उभे.

487. बिल 1,647.

नातवाने टाळ्या वाजवल्या. अण्णांनी त्या माणसाला ताक दिले आणि आपल्या तमिळमध्ये विचारले, ‘सध्या येतेय ती करंट वाऱ्याची का कोळशाची?’

‘तेरियादु, अण्णा,’ तो म्हणाला. ठाऊक नाही. त्याने पेला खाली ठेवला आणि आकडा लिहायला कार्ड तारेतून सोडवले. तेवढ्यात गल्लीतून वाऱ्याचा असा झोत आला की कार्ड हातातून सुटले, दाराबाहेर गेले, समोरच्या पितळेच्या दुकानावरून गिरक्या घेत निघाले, आणि एका युनिटाचीही चैन न करता दोन महिने काढलेले ते घर त्याच्यामागे अनवाणी धावत सुटले.