पार्किंगसह, गाडीविना

पार्ले पूर्वेला भाड्याने घर शोधायला निघालं की एजंट आधी बजेट विचारतो. आपण आकडा सांगतो. तो थोडा वेळ गप्प राहतो आणि मग आजारी माणसाशी बोलावं तशा मायेने म्हणतो, “नालासोपाऱ्याला माझा एक मित्र आहे. देऊ नंबर?”

आम्ही चिकाटी सोडली नाही. हिची बालवाडी पार्ल्यात, माझा छापखाना दादरला. ती पोरं सांभाळते, मी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो. दोन्ही कामांना समाजात मान फार आणि पगार बेताचा. तरी पार्लंच हवं होतं, कारण आमचं एक गणित होतं. लांब राहायला गेलं की भाडं निम्मं होतं, पण मग हप्त्यावर स्कूटर आली, पेट्रोल आलं, हिचे रोजचे तीन तास लोकलमध्ये गेले आणि दमून घरी आल्यावर बाहेरची पोळीभाजी आली. पार्ल्यात भाडं घराचं नसतंच मुळी. ते असतं स्टेशन, बाजार, शाळा, लोकमान्य सेवा संघ आणि दीनानाथ नाट्यगृह यांच्यापासूनच्या अंतराचं. अंतर जितकं कमी तितके पैसे जास्त. तेव्हा गाडी घ्यायचीच नाही आणि गाडीचे पैसे भाड्यात ओतायचे, असं ठरलं. नाटकाला चालत, दवाखान्यात चालत, भाजीला चालत. फारच पाऊस असला तर रिक्षा, म्हणजे किमान सव्वीस रुपये आणि रिक्षावाल्याने जवळचं भाडं घ्यावं म्हणून करावी लागणारी विनवणी. ती विनवणी मात्र अजून मीटरवर येत नाही.

घर अखेर मिळालं. एक खोली, स्वयंपाकघर, आणि बाल्कनीला खिडकी लावून केलेली अर्धी खोली. इमारत जुनी. ती अजून उभी आहे ती विमानांच्या कृपेने. विमानतळ शेजारी असल्यामुळे इथे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. वर जाता येत नाही म्हणून बिल्डरचा हिशेब जुळत नाही, आणि हिशेब जुळत नाही म्हणून आमचा जिना पाडला जात नाही. विमान डोक्यावरून गेलं की आमचं बोलणं तुटतं. पण ते गेलं नसतं तर इथे आमच्याऐवजी सॅम्पल फ्लॅट असता.

मालक पुण्याला, बाणेरला असतात. अकरा महिन्यांचा करार झाला. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. त्यांनी ती मला फोनवरून आठवण करून देऊन पार पाडली. करारात पंख्यांच्या आणि ट्यूबलाइटच्या यादीखाली एक ओळ होती : ‘स्टिल्टमधील एक पार्किंग.’ मी ती गीझरनंतर वाचली आणि विसरलो.

सोसायटीच्या फॉर्मवर वाहन क्रमांकाचा रकाना होता. मी लिहिलं, ‘नाही.’

सेक्रेटरीकाकांनी चष्मा वर केला. “नाही म्हणजे? घ्यायची आहे अजून?”

“नाही.”

“विकलीत?”

“नाही.”

“मग सर्व्हिसिंगला दिली आहे का?”

गाडी नसणं ही एक कायमची अवस्था असू शकते, हे त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी फॉर्मवर पेन्सिलीने ‘नंतर’ असं लिहिलं आणि मला दयेने चहा पाजला.

आमच्या सोसायटीत सभासद पुष्कळ आणि जागा मोजक्या. उरलेल्या गाड्या रात्री गल्लीत आडव्यातिडव्या उभ्या असतात आणि सकाळी कोणाची तरी काढायची म्हणजे आधी तिघांना उठवावं लागतं. अशा ठिकाणी मी, दोन चपलांचा धनी, एका मोकळ्या, सावलीतल्या, खांबाशेजारच्या जागेचा ताबेदार होतो. ही बातमी इमारतीत पसरायला दोन दिवस लागले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अळूवड्या पाठवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दिवाळी अंक वाचायला दिले आणि परत मागितले नाहीत. पार्ल्यात याहून मोठा मान देता येत नाही. जिन्यात लोक थांबून आमच्या तब्येतीची चौकशी करू लागले. बोलता बोलता शेवटी विषय निघायचा : “रविवारी जावई येणार आहे हो. तुमची जागा रिकामीच असते ना?”

मी उदारपणे मान डोलवायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे इतरांना हवं होतं. हापिसात माझी खुर्चीदेखील कोणी ओढून नेत नाही. हळूहळू माझ्या चालण्यात फरक पडला. स्टेशनवरून येताना मी आधी आपली जागा एकदा पाहून घ्यायचो, कोणी काही ठेवलेलं नाही ना. नसायचं. मग समाधानाने जिना चढायचो.

हे राज्य बुडालं ते एका शनिवारी संध्याकाळी. मी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना जागा दिली होती, त्यांचा मुलगा अमेरिकेहून आला होता आणि त्याने भाड्याने भलीमोठी गाडी घेतली होती. हिने त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जागा दिली होती, भाचीचा साखरपुडा होता. संसारात आम्ही पगार एकमेकांना सांगतो, पार्किंग सांगायचं राहिलं. मी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर प्रुफं तपासत बसलो होतो. वॉचमन धापा टाकत वर आला. “साहब, नीचे चलिए. आपके पार्किंग में लफडा हो गया है.”

‘आपके पार्किंग में’ हे शब्द कानाला इतके गोड लागले की मी चड्डी बदलायलाही थांबलो नाही.

खाली फाटकात दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मागे एक रिक्षा, तिच्या मागे टेम्पो, त्यामागे संपूर्ण गल्ली. एका गाडीत फळांच्या परड्या आणि जरीच्या साड्या, दुसरीत झोप अनावर झालेला अमेरिकन नातू. मला वाटलं मी न्यायाधीश म्हणून आलो आहे. पण सेक्रेटरीकाका हातात उपविधींचं पुस्तक घेऊन माझ्याआधी पोहोचले होते. हॉर्नच्या कल्लोळात त्यांनी वाचायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला होता, की स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. “म्हणजे जागा सोसायटीची,” काकांनी एका हाताने टेम्पोवाल्याला थांबवत सांगितलं. “आणि उपविधी काय म्हणतात? पार्किंग मिळतं ते मोटार वाहन असलेल्या सभासदाला.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाहन नव्हतं आणि मी सभासदही नव्हतो. एकाच वाक्यात दोनदा बाद होण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

“पण मग तुमची गाडी कुठंय?” नवऱ्या मुलाच्या मामांनी विचारलं. ते ठाण्याहून आले होते, त्यांना काही माहीत नव्हतं.

“नाहीये,” मी म्हटलं.

“मग तुम्ही इथे काय करताय?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. डॉक्टरांचा मुलगा गाडी घेऊन मुकाट हनुमान रोडकडे गेला आणि जागा शोधून चालत परत येईपर्यंत साखरपुडा आटपला होता. त्यानंतर अळूवड्या बंद झाल्या.

सोसायटीचं पत्र मालकांना गेलं : वाहन नसल्यास जागा फिरत्या पद्धतीने दुसऱ्यास देण्यात येईल. त्याच रात्री बाणेरहून फोन आला. “एकदा जागा गेली की गेली हो. उद्या फ्लॅट विकताना पार्किंग नाही म्हटलं की गिऱ्हाईक जिन्यातूनच परत जातं. तुम्ही एखादी जुनीपानी गाडी का घेत नाही?” मी माझा पगार सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिथेही नालासोपाऱ्याचा मित्र असावा असं मला वाटून गेलं.

पुढच्या रविवारी एक ड्रायव्हर त्यांची मारुती ८०० घेऊन आला. कंपनीने ती बनवायचं २०१४ सालीच थांबवलं, पण आमच्या मालकांना कोणी तसं कळवलं नसावं. एक्स्प्रेस वेवर तिने घाट कसा चढला हे ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. त्याने ती खांबाशेजारी लावली, चावी माझ्या हातात दिली आणि पाणी पिऊन शिवनेरीने परत गेला. बॅटरी उतरू नये म्हणून मी तिला आठवड्यातून एकदा सुरू करायची होती. मला गाडी चालवता येते का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या रविवारी मालक फोनच्या स्पीकरवर होते. “बसलात? आता चावी फिरवा.” मी फिरवली. गाडी गिअरमध्ये होती. तिने बेडकासारखी एक उडी मारली आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यावर जाऊन थांबली. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. “काय झालं?” फोनमधून आवाज आला. “सुरू झाली का?” मी म्हटलं, “सुरू होऊन थांबली.” “छान, छान,” ते म्हणाले, “म्हणजे बॅटरी उत्तम आहे.” नव्या डब्याचे पैसे मी भरले. क्लच नावाची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या रविवारी सांगितली.

करार नवा करायची वेळ आली तेव्हा भाडं वाढलंच, वर सोसायटीचं पार्किंग शुल्कही माझ्या नावावर आलं. “गाडी तुम्हीच वापरता ना,” मालक म्हणाले. ते अगदी खोटं नव्हतं. कारण मधल्या काळात मी एक हिशेब केला होता. अडीच मीटर बाय साडेपाच मीटर म्हणजे जवळजवळ दीडशे चौरस फूट. आमचं स्वयंपाकघर याच्या निम्मंही नाही. पार्ल्यात एवढी जागा घरात वाढवून मागितली असती तर माझा सबंध पगार तिच्यात गेला असता. तेव्हा मी संध्याकाळी प्रुफं घेऊन मारुतीच्या मागच्या सीटवर बसायला लागलो. काचा वर केल्या की विमानदेखील अर्धंच ऐकू येतं. शेजारच्या मुलाच्या तबल्याचा तर ठेकाही कळत नाही. हिने एक उशी शिवून दिली. वॉचमन येता-जाता सलाम ठोकतो, तो मला की गाडीला ते मी तपासलेलं नाही. गाडी पुसणारा पोरगाही महिन्याचे पैसे घेतो. मी आत असलो तर काच जरा जपून पुसतो.

परवा ‘कि’ पहिली की दुसरी यावर अडलो होतो, तर काचेवर टकटक झाली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. हातात छत्री, खांद्याला शबनम. “निघताय का?” त्यांनी विचारलं. “मला स्टेशनपर्यंत सोडा की.”

नाही म्हणवेना. दिवाळी अंकांचं देणं अजून होतंच. “चला,” मी म्हटलं. प्रुफं सीटवर ठेवली, उतरलो, गाडीला कुलूप लावलं, आणि आम्ही दोघं चालत निघालो. आजोबांनी काहीच विचारलं नाही. कोपऱ्यावर गाड्यांची ही भली मोठी रांग लागली होती. तिच्याकडे छत्री रोखून ते म्हणाले, “बरं झालं गाडी काढली नाहीत. आत्ता इथेच अडकलो असतो.”